कोन जयते माय

परवा वाशीमच्या कचेरीत काम होतं. झालं नाही, ते जाऊ द्या. बाहेर पडले तर दारावरच्या सिंहांना नवा रंग दिलेला दिसला. आमच्या लहानपणी ते मातकट पिवळे होते आणि त्यांच्या पोटाला पोपडे सुटलेले असायचे. आता हळद लावलेल्या नवरदेवासारखे चकाकत होते. त्यांच्याखाली तेच जुने दोन शब्द, ताज्या काळ्या रंगात. मी उन्हातच थांबले आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे बघत राहिले.

शेजारी मोटारसायकलला टेकून कॉलेजातली दोन पोरं उभी होती. त्यातल्या एकानं वर बोट केलं आणि बारीक, खरखरीत, बाईमाणसाच्या आवाजात म्हणाला, "जयते? कोन जयते रे बाबू?" दुसरा हसून हसून वाकला. मग दोघांनी गाडी चालू केली आणि गेले.

तो आवाज माझ्या मायचा होता. म्हणजे माझ्या भावानं काढलेला मायचा आवाज, तो ऐकून त्या पोरानं काढलेला. आणि भावाच्याही आधी तो आवाज ज्या गळ्यातून निघायचा तो माझा गळा शेजारी उभा होता, हातात पिशवी आणि डोक्यावर रुमाल घेऊन. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. कशाला पाहतील?

परक्या माणसासाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वऱ्हाडात ळ फक्त शाळेत असतो, घरी येत नाही. घरी डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया, काळ्याचा काया. आणि जळण्याचं होतं जयणं. चूल जयते, तव्यावरची भाकर जयते, दिवा जयते. आणि दुसऱ्याचं बरं चाललेलं पाहिलं की माणूस जयते. सिंहांच्या खाली तोच शब्द लिहिलेला आहे. जिंकतं या अर्थानं आहे हे आता मला माहीत आहे, मी आसेगावच्या शाळेत तिसरीला शिकवते. पण तो वाचला की अजूनही मला आधी धुराचाच वास येतो.

माझा भाऊ सुमेध, घरचा सुम्या, पुण्यात असतो आणि माईक हातात घेऊन उभ्या उभ्या लोकांना हसवतो. याला काम म्हणतात हे मायला बरेच दिवस पटलं नव्हतं. "बसाले खुर्ची नाई देत काय तुले?" असं ती त्याला फोनवर विचारायची. त्यानं तेही स्टेजवर सांगितलं. तो सगळंच सांगतो. आमची वस्ती, आमचं घर, आमचं आडनाव, बाबांचं जाणं, मायची भाकर. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, मोबाईलवर एकमेकांना पाठवतात. आणि मी जयते. लपवून काय उपयोग, सरळ सांगते. पोटात दुखतं माझ्या.

जऊळक्याच्या स्टेशनापासून आमची वस्ती दिसायची. मधे बाभळी, मग विहाराची पांढरी भिंत, मग आमची घरं. थंडीत सकाळी सकाळी हरभऱ्याच्या वावरातून आंबूस वास यायचा. पानांवरचं दव बोटानं टिपून जिभेला लावलं की आंबट लागायचं आणि ओठ चरचरायचे. बाबा रेल्वेच्या रुळावर कामाला होते. त्यांच्या खाकी सदऱ्याला लोखंडाचा आणि घासलेटाचा वास असायचा आणि तो सदरा धुतला तरी जायचा नाही. एका थंडीत बाबा गेले. सदरा खुंटीवर राहिला आणि वासही राहिला, पण घरातला आवाज गेला. माय भाकरी थापायची तेवढाच आवाज. सुम्या लहान होता, तो त्या आवाजावर झोपायचा.

आमच्या गावाच्या कडेला मळा करणारी कौसाबाई होती. जातीनं माळीण, अंगानं धिप्पाड. रोज सकाळच्या पॅसेंजरनं मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन वाशीमच्या बाजारात जायची. डब्यात चढताना टोपली आधी, मग कौसाबाई आणि मग तिचा आवाज. "सरक वो बाई, वांगे बसून राह्यले." माणसाला नाही, वांग्यांना बसायला जागा मागायची. एका संध्याकाळी चुलीपुढं मी उगाच डोक्यावर सूप धरलं, पोट पुढं काढलं आणि म्हणाले, "सरक वो माय, वांगे बसून राह्यले." मायचा हात परातीत थांबला. तिनं पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडते आहे. मग पदरातून आवाज फुटला आणि मला कळलं की हसते आहे. बाबा गेल्यानंतर आमच्या घरात आलेलं ते पहिलं हसू. ते मी आणलं होतं. सुम्यानं नाही. तो तेव्हा झोपला होता.

मग मला नादच लागला. दिवसभर वस्तीत फिरून मी माणसं गोळा करायची आणि संध्याकाळी चुलीपुढं मायला आणून द्यायची. हापशीवर भांडणाऱ्या बाया, घंटा वाजवणारा स्टेशनातला माणूस, विहारात वंदना म्हणताना डुलक्या घेणारे आजोबा. माय म्हणायची, "पोट्टे, तुह्या तोंडात किती तोंडं हायेत वो?" आणि हसायची. सुम्या उठून बसू लागला तेव्हापासून तोही बघायचा. माझ्या मांडीवर बसून, तोंड उघडं टाकून. झालं की म्हणायचा, "ताई, अजून एक खेप." तो तेव्हापासूनच गोळा करत होता, हे मला फार उशिरा कळलं.

तिसरीत गुरुजींनी आमच्या तोंडात ळ घालायचं ठरवलं. "डोया नाही, डोळा. शाया नाही, शाळा. य म्हणाल तिथं ळ म्हणा," असं म्हणून ते वहीत लाल रेघ मारायचे. मी हुशार. मला वाटलं, य हे अक्षरच गावंढळ. दिसलं की बदलायचं. गाईवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी लिहिलं, गाळ हा फार गरीब प्राणी आहे. गाळीला चार पाळ असतात. गाळ आपल्याला दूध देते. गुरुजींनी पानभर लाल रेघा मारल्या. मी रडत घरी आले आणि मायला तो निबंध वाचून दाखवला. मायला वाचता येत नव्हतं, पण कान तिखट होते. "चार पाय?" तिनं विचारलं. "पाळ," मी म्हणाले. "अन् मंग मी कोन, माळ काय?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला उचकी लागली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात मी तिला माळ म्हणायची आणि ती मला गाळ.

हा निबंध आज सुमेधचा आहे. गाळ दूध देते म्हटलं की पुण्यातलं पूर्ण सभागृह हसतं. तिसरीत तो नव्हता, मी होते. आता मी तिसरीच्या पोरांना ळ शिकवते, आणि तो स्टेजवर माझी नक्कल करतो. "माही एक ताई हाय, मास्तरीन. म्या रडलो तरी ते म्हन्ते, डोया नाही रे, डोळा पूस." लोक हसतात. त्याच्या कार्यक्रमात मी आहे ती एवढीच. लाल रेघ मारणारी बाई.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगते. बाबांच्या मागं कागदपत्रांचं काही काम निघालं होतं आणि वाशीमच्या कचेरीत जायचं होतं. मायनं पांढरं, निळ्या काठाचं लुगडं आदल्या दिवशीच कांजी करून वाळवलं होतं. सकाळी ते नेसली तेव्हा कडकड वाजलं. सुम्याला गालगुंडं झाली होती. दोन्ही गालांना गेरू थापलेला, तोंड लाल भोपळ्याएवढं. त्याला शेजारच्या आत्याकडं ठेवलं. तो दाराची चौकट धरून रडत होता. आम्ही निघालो. माझं बोट मायच्या हातात होतं, आणि मागं चौकटीत तो. मला वाईट वाटलं असं म्हणायला पाहिजे. नाही वाटलं. मला पहिल्यांदाच आख्खी माय मिळत होती.

पॅसेंजरच्या डब्यात कौसाबाई आणि तिची मेथी. खिडकीतून थंड वारा, तुरीच्या वावरांवर धुकं. मायनं मला पदरात घेतलं होतं. कांजीचा आंबटसर वास आणि तिच्या अंगाचा. कचेरीपुढं कडुलिंब होता, त्याखाली चहावाला, बिड्यांचा धूर, डिंकाचा वास, ओल्या कागदांचा वास. रांग लांब होती. मी नुकतीच जोडाक्षरं शिकले होते आणि जे दिसेल ते वाचत सुटले होते. येथे थुंकू नये वाचलं. पाण्याचा अपव्यय टाळा वाचलं, त्यातला ळ बघून बरं वाटलं. मग मान वर केली तर सिंह. पहिला शब्द अवघड होता. त्यात सत्य आहे एवढं कळलं. दुसरा सोपा होता.

"माय," मी ओरडून म्हणाले, "इथं चुकलं यायचं. जळते पाह्यजे. यायनं जयते लिवलं. गुरुजी पाहतीन तं लाल रेघ मारतीन."

पूर्ण रांग वळली. टेबलामागं एक पान खाणारे बाबू होते, ते खुर्चीतून वाकले. त्यांनी मला पाहिलं, मायच्या लुगड्याचा निळा काठ पाहिला, आणि आजूबाजूच्यांकडे बघून हसत म्हणाले, "काय जळते म्हणते ओ ही पोरगी? बाई, शाळेत पाठवता का नुसतीच फिरवता?" रांगेतली दोन-चार माणसं हसली. मायचा हात माझ्या बोटाभोवती घट्ट झाला. मला वाटलं आता मार बसतो.

माय म्हणाली, "बराबर वाचते ते, साहेब. आमी खरं बोललो का कोनी ना कोनी जयतेच."

आवाज चढवला नाही, हसली नाही. शिळी भाकर वाढताना म्हणावं तसं म्हणाली. मग रांगेच्या शेवटी एक म्हातारा हसायला लागला, मग सगळी रांग, आणि शेवटी ते बाबूसुद्धा, पान सांभाळत. काम झालं की नाही ते मला आठवत नाही. परतताना स्टेशनच्या बाकावर मायनं केळी सोलून दिली आणि मधेच म्हणाली, "लाल रेघ मारतीन म्हन्ते सरकारले." आणि हसली. पदर तोंडात न कोंबता, सगळ्यांसमोर. गाडीत चढल्यावर पुन्हा आठवून हसली. जऊळका येईपर्यंत आम्ही दोघी हसतच होतो.

घरी आल्यावर सुम्या बोलायला तयार नव्हता. त्याला हसवायला म्हणून ती गोष्ट मीच सांगितली. बाबू मी झाले, म्हातारा मी झाले, माय मी झाले. त्या गालगुंडातही तो हसला आणि दुखलं म्हणून रडला आणि म्हणाला, "ताई, अजून एक खेप." पुढं कितीतरी वर्षं मी त्याला ती गोष्ट सांगितली. पावसाळ्यात सरपण ओलं असायचं, घरभर धूर व्हायचा, तेव्हा सांगायची. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर, तुराट्यांच्या ढिगाचा वाळका वास येत असताना सांगायची. प्रत्येक वेळी थोडी घासून, पुसून. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, बाबूचं पान कोणत्या गालात ठेवायचं, हे सगळं मी बसवलेलं. तो आज जिथं थांबतो ना, तिथंच मी थांबायची.

मग मी डी.एड. केलं, तो पुण्याला गेला. आणि एक दिवस मधल्या सुट्टीत सातवीतल्या पोरी मोबाईल घेऊन आल्या. "मॅडम, तुमचे भाऊ." पोरींच्या डोक्यांमधून मी पाहिलं. काळी भिंत, पिवळा उजेड, त्यात सुम्या. तो सांगत होता की लहानपणी तो मायसोबत कचेरीत गेला होता. मायनं ती पाटी वाचली आणि त्याला विचारलं, जयते? कोन जयते रे बाबू? सगळे मायला हसले. आणि अर्ध्या चड्डीतला सुमेध साहेबाला म्हणाला, आमी खरं बोललो का कोनी ना कोनी जयतेच.

पोरी हसल्या. मी पण दात दाखवले. घंटा झाली आणि मी वर्गात जाऊन फळ्यावर ळ काढला. खडू दोनदा मोडला.

मायची ओळ स्वतःच्या तोंडात घातली आणि माझी चूक मायच्या पदरात. मला राग आला तो मायसाठी, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. छान वाटतं तसं सांगायला. पण खरं ते नाही. खरं हे की माझं बोट मायच्या हातातून सोडवून त्यानं तिथं स्वतःचं बोट दिलं होतं. बाकी सगळं मी सोडलं असतं.

मी फोन केला. म्हटलं, "सुम्या, तू तं घरी होता ना त्या दिवशी. गेरू लावून."

"हो ना."

"मंग?"

"ताई, स्टेजवर कोन उभं राह्यते? मी. मंग तिथं मीच पाह्यजे ना. ताईची गोष्ट सांगतो म्हटलं तं लोक म्हनतीन, ताईलेच बलाव."

"बलाव मंग," मी म्हणाले. तो हसला. त्याला गंमत वाटली. मी गंमत केली नव्हती.

"अन् माय तं बराबर बोलली होती. तू तिले अडानी केलं."

"ताई," तो म्हणाला, "तू लाल रेघ नको मारू ना आता." आणि पुढच्या कार्यक्रमात हे वाक्यसुद्धा आलं.

त्याची कला मला कळत नाही असं नाही. त्याची एक गोष्ट आहे खोलीची. घरमालक आधी नाव विचारतो, मग आडनाव, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला, मग घरात फोटो कोणाकोणाचे. सुम्या म्हणतो, "काका, एवढं तं माह्या होनाऱ्या सासऱ्यानं नाई इचारलं, अन् त्यानं तं पोरगीच नाई देल्ली." सभागृह कोसळतं. त्याला ती खोली नाकारली त्या संध्याकाळी त्यानं मला फोन केला होता. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "ताई, काहीतरी सांग ना, कौसाबाईचं." मी सांगितलं. तो हसला नाही. तेच दुखणं त्यानं उलटं करून लोकांच्या हातात दिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही आडनाव विचारतात. भाड्याचं घर शोधताना विचारलं, बदली झाली तेव्हा विचारलं, हळदीकुंकवाला बोलवावं की नाही हे ठरवण्यासाठी विचारलं. मी घरी येऊन भांडी घासते. तो स्टेजवर जातो. दुखणं एकच, आणि टाळ्या त्याला. त्याच्यावर नाही जयू तर कोणावर जयू?

पण एवढ्यावरही मी निभावून नेलं असतं. आधार एकच होता, की मायला तरी माहीत आहे. जगानं काही समजो. त्या बाकावर केळी खाताना कोण होतं हे मायला ठाऊक आहे. माय आता माझ्याकडे वाशीमला असते, मधूनमधून जऊळक्याला जाऊन घर झाडून येते. सुम्याचा तो व्हिडिओ तिच्या मोबाईलवर दिवसभर चालू असतो. भाजी निवडताना, दुपारी पडल्या पडल्या. एक दिवस मेथी निवडता निवडता मी सहज विचारावं तसं विचारलं, "माय, कचेरीत तुह्या संग कोन होतं वो तवा?"

ती मोबाईलकडेच बघत होती. "सुम्या होता ना," म्हणाली.

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. पुष्कळदा ऐकून ऐकून तिच्या डोक्यातसुद्धा तो बसला होता, अर्ध्या चड्डीत, माझ्या जागी. आता त्या दिवसाची साक्षीदार म्हणून मी एकटीच उरले होते, आणि एकटीचं कोण ऐकतं. त्या रात्रीच्या भाजीत मीठ जास्त झालं आणि मायनं ती मुकाट्यानं खाल्ली.

मागच्या महिन्यात सुमेधचा कार्यक्रम वाशीमलाच झाला. रविवारी दुपारी. हॉल भरलेला, मागं पोरं उभी. मायला पहिल्या रांगेत बसवलं. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं, निळ्या काठाचं. नवं होतं, पण कांजी घरचीच. मी शेजारी. सुम्या आला, टाळ्या, शिट्ट्या. इथं त्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. डोया म्हटलं की डोया. मी ठरवून आले होते की हसायचं नाही. गाईच्या निबंधाला हसले. खोलीच्या गोष्टीला हसले. मग तो बाबांवर आला. बाबांचा खाकी सदरा खुंटीवर होता, म्हणाला, आणि मायनं तो कितीही धुतला तरी बाबा जायचे नाहीत. लोक हसले, आणि हसता हसता गप्प झाले. मी त्या सदऱ्याचा वास कोणाजवळ कधी बोलले नव्हते. नवऱ्याजवळही नाही. तो चारशे माणसांपुढं बोलला आणि त्याला काही झालं नाही. त्या क्षणी मी त्याच्यावर जितकी जयले तितकी आयुष्यात कोणावर जयले नसेन.

शेवटी कचेरी आली. मी मान खाली घातली. तो जिथं थांबायचा तिथं थांबला, म्हणजे माझ्याच जागी, आणि हॉलमधून एकदम सगळ्यांनी त्याच्या आधी म्हटलं, "कोनी ना कोनी जयतेच." मायही म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते.

नंतर पोरापोरींनी तिला गराडा घातला. "आजी, एकदा म्हना ना, जयते." आणि माय म्हणाली. मान वाकडी करून, भुवया चढवून, बारीक खरखरीत आवाजात, "जयते? कोन जयते रे बाबू?" तिचा स्वतःचा आवाज असा नाहीच. भरदार आहे. ती सुम्याची नक्कल करत होती, तो तिची करतो ती. सगळे हसले, फोटो काढले. माझ्या हातात तिच्या चपला होत्या.

परतताना तिनं हट्ट धरला, जऊळक्याचं घर पाहूनच जायचं. सुमेधनं मित्राची गाडी आणली होती. तो चालवत होता, शेजारच्या सीटवर त्याची बॅग, मागं आम्ही दोघी. ऊन उतरलं होतं. तो पुढं फोनवर कोणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत होता, कार्यक्रम कसा झाला ते. काच थोडी खाली होती. हरभऱ्याचा आंबूस वास आत आला आणि मी डोळे मिटले.

"तुनंच वाचलं होतं ते," माय म्हणाली.

मी डोळे उघडले. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मले कुठं वाचता येत होतं तवा. तुनं वाचलं, अन् त्या पानवाल्याले म्या जवाब देल्ला. समदं याद हाय मले. केये खाल्ले होते आपन."

माझा ळ, माझी शाळा, सगळं गळून पडलं. "मंग मले काहून म्हनली वो, सुम्या होता म्हनून?"

पुढं सुमेध हसत होता फोनवर.

"त्याले नेलं नवतं ना त्या दिवशी," ती म्हणाली. "चौकट धरून रडे. गालाले गेरू, त्याच्यावरून पानी वाहे. म्या मांगं वयून पाह्यलं नाई. पाह्यलं असतं तं पाय निघाला नसता. आता येऊन राह्यला इतक्या वर्सानं, तं येऊ दे. तुले जागा कमी पडून राह्यली काय?"

पॅसेंजरचा डबा आठवला, मेथी आठवली. सरक वो माय. माझ्या मनात आलं की सरकावं, आणि लगेच मनात आलं की का म्हणून सरकू. दूर कोणाच्या तरी वावरात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. धूर सपाट होऊन रस्त्यावर आला आणि काचेतून आत शिरला.

मायनं नाक वर केलं. "काही जयून राह्यलं वाटते," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे बारीक झाले, कचेरीतल्या त्या दिवसासारखे. अगदी हळू, तिच्या खऱ्या भरदार आवाजात तिनं विचारलं, "कोन जयते माय?"

"मीच," मी म्हणाले.

तिनं पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. मग माझेही. दोघी मागच्या सीटवर एकमेकींना धरून हसत होतो, आवाज न करता, जुन्या चुलीपुढं हसायचो तशा, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. सुमेधनं फोन ठेवला. आरशातून आमच्याकडे पाहिलं.

"काय झालं?" तो म्हणाला. "काय झालं वो माय? ताई? मले सांगा ना."

मायनं पदर काढला आणि सांगायला तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. घट्ट, तिनं त्या दिवशी माझं बोट दाबलं होतं तसा. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आरशातल्या त्याच्याकडे.

"काही नाई रे," ती म्हणाली. "तू समोर पाह्य."